तपकिरी वलय, पण कूज पांढरी

आंब्याच्या कुजत्या बुंध्याखालची माती प्रयोगशाळेत आणली, की त्यातून लाकूड कुजवणाऱ्या दोन तऱ्हांच्या बुरशी हाती लागू शकतात: पांढऱ्या कुजीची आणि तपकिरी कुजीची. बुरशी वाढवायच्या उथळ ताटलीत, म्हणजे डिशमध्ये, बहुतेकदा दोन्ही पांढऱ्या, कापसासारख्याच दिसतात. नावं पडली आहेत ती मागे उरलेल्या लाकडावरून.

तपकिरी कुजीची बुरशी लाकडातलं तंतुमय सेल्युलोज खाते आणि त्या तंतूंना घट्ट धरणारं लिग्निन थोडंफार बदलून तिथंच टाकते. लाकूड तांबूस होतं, उभ्या-आडव्या भेगा पडून चौकोनी ठोकळे सुटतात, ते चिमटीत धरले की भुगा. पांढऱ्या कुजीची बुरशी लिग्निनही फोडते. उरतं ते फिकट, मऊ, धाग्याधाग्यांनी सुटणारं लाकूड. आपल्या रुंद पानांच्या झाडांवर हीच जास्त. तपकिरी कूज चीड-देवदारासारख्या सूचिपर्णी लाकडात अधिक आढळते.

माती पाण्यात कालवून थेट अगारवर, म्हणजे डिशमधल्या जेलीसारख्या माध्यमावर, पसरू नका. ट्रायकोडर्मा या झपाट्याने वाढणाऱ्या बुरशीचा हिरवा गालिचा काही दिवसांत सगळी डिश व्यापतो आणि हळू वाढणारी हवी ती बुरशी खाली दबते. त्यापेक्षा निर्जंतुक केलेले लाकडाचे तुकडे आमिष म्हणून मातीत पुरा. काही आठवड्यांनी काढून वरचा थर तासून टाका आणि आतली बारीक चीप माल्ट अगारवर ठेवा. अगारमध्ये किंचित बेनोमिल हे बुरशीनाशक घातलं की ट्रायकोडर्मा आवरतो, स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाने जिवाणू.

खरा घोळ होतो तो पुढे. बुरशी कोणत्या कुजीची हे ओळखायला 1928 मध्ये जर्मनीच्या बावेनडाम यांनी सुचवलेली चाचणी अजून वापरतात: माध्यमात सुमारे 0.5 टक्के गॅलिक किंवा टॅनिक आम्ल घालून त्यावर बुरशी लावायची. डिश उलटी करून उजेडाकडे धरली, की बुरशीखाली चहाच्या डागासारखं वलय दिसतं. ‘तपकिरी आलं, म्हणजे तपकिरी कूज’ असं नवखा विद्यार्थी वहीत लिहून मोकळा होतो. अर्थ नेमका उलटा आहे. लॅकेजसारखी विकरं (एन्झाइम) त्या आम्लाचं ऑक्सिडीकरण करतात म्हणून रंग येतो, आणि ही विकरं पांढऱ्या कुजीच्या बुरशीची खूण. तपकिरी कुजीची डिश बहुधा कोरीच राहते.

पण मातीतल्या काही साध्या बुरशीही लॅकेज सोडतात, त्यामुळे मी एकट्या वलयावर कधीच निकाल देत नाही. शुद्ध बुरशी निर्जंतुक लाकडाच्या ठोकळ्यावर वाढवायची, दोन-तीन महिन्यांनी ठोकळा वाळवून तोलायचा, वजन किती घटलं ते पाहायचं, आणि मग नखाने दाबून पाहायचं: धागे सुटतात की चौकोनी तुकडे.