अवजड आणि अवाढव्य मालाची रस्तावाहतूक

सुटी करता येत नाही आणि नेहमीच्या मालमोटारीतही बसत नाही, अशी एकसंध वस्तू रस्त्याने हलवण्याचे काम. विजेचा मोठा ट्रान्सफॉर्मर, बॉयलर, अणुभट्टीचा भाग, मेट्रोचा डबा, पवनचक्कीचे पाते, अखंड दगडाची मूर्ती हे सगळे या वर्गात येते. वाहतूक व्यवसायात अशा मालाला ‘ओडीसी’ (ओव्हर डायमेन्शनल कार्गो, म्हणजे ठरलेल्या मापांबाहेरचा माल) म्हणतात. भारतीय नियमांनुसार वाहनाची रुंदी साधारणपणे 2.6 मीटरपर्यंत असावी लागते, आणि 2018 च्या सुधारणेनंतर ट्रेलरसह जास्तीत जास्त 55 टन वजनाला मुभा आहे. त्यापुढच्या मालासाठी वेगळी परवानगी काढावी लागते, आणि माल खरोखरच अविभाज्य असेल तरच ती मिळते.

या कामात वजन ओढण्यापेक्षा ते जमिनीवर पसरवणे आणि पुढची वाट मोकळी करणे जास्त कठीण असते. जुन्या काळचे कारागीरही हे जाणून होते. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने हरियाणातल्या टोपरा येथील अशोकस्तंभ दिल्लीला आणवला. सुमारे 13 मीटर उंचीचा हा एकसंध दगड 27 टनांच्या आसपास भरतो. शम्स-इ-सिराज अफीफ या इतिहासकाराने त्या प्रवासाची हकीकत लिहून ठेवली आहे. स्तंभाभोवती सावरीच्या कापसाचे ढीग रचले. पायथा खणल्यावर स्तंभ त्या कापसावर अलगद आडवा झाला, मग कापूस थोडाथोडा काढून तो जमिनीवर उतरवला. बोरू आणि कच्च्या चामड्यात गुंडाळून तो 42 चाकांच्या गाड्यावर चढवला. प्रत्येक चाकाला दोर आणि प्रत्येक दोराला दोनशे माणसे, म्हणजे हिशेबाने 8,400 माणसे. यमुनेपर्यंत असे ओढत नेऊन पुढचा प्रवास होड्यांवरून झाला. आजच्या कामाचे सगळे टप्पे या वर्णनात आहेत: सावकाश उतरवणे, बांधणे, भार अनेक चाकांवर वाटणे आणि जिथे रस्ता संपतो तिथे पाण्याचा आधार घेणे.

मराठी माणूस तडाखेबंद वक्त्याला मुलूखमैदान तोफ म्हणतो, ती मूळ तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. वजन सुमारे 55 टन. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि 1632 मध्ये विजापूरला नेण्यात आली. त्यासाठी 400 बैल, 10 हत्ती आणि शेकडो माणसे लागली, असे सांगतात. परांड्याहून विजापूरला जायचे तर भीमा ओलांडावीच लागते. तिच्या जोडीची ‘कडक बिजली’ ही तोफ वाटेत नदीत बुडाली, अशी कथाही प्रचलित आहे. ती खरी असो वा नसो, अवजड प्रवासात घात कुठे होतो हे तिने नेमके दाखवले आहे.

घाट हा दुसरा अडसर. 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला होईपर्यंत चाकाची वाहने सुटी करून माणसांच्या खांद्यावरून वर न्यावी लागत. खंडाळा–पुणे लोहमार्ग 1858 मध्ये सुरू झाला, पण घाटातला मार्ग 1863 पर्यंत तयार नव्हता. त्यामुळे वरच्या टप्प्यासाठीची रेल्वेसामग्री घाटरस्त्यानेच चढवावी लागली.

स्वातंत्र्योत्तर काळातले लक्षणीय उदाहरण कर्नाटकातल्या धर्मस्थळच्या बाहुबलीचे. कारकळला घडवलेली ही 39 फुटी अखंड मूर्ती 1973 मध्ये 64 चाकांच्या ट्रॉलीवरून धर्मस्थळला नेली गेली.

आज हे काम हायड्रोलिक अ‍ॅक्सलच्या ट्रेलरवर होते. अ‍ॅक्सलच्या एका ओळीत सहसा आठ टायर असतात आणि मालाच्या वजनाप्रमाणे ओळी एकमेकींना जोडत जातात. समजा, 200 टनांचा ट्रान्सफॉर्मर 16 ओळींवर ठेवला, तर खाली 128 टायर येतात. ट्रेलरचे स्वतःचे वजन सोडले तर प्रत्येक टायरवर साधारण दीड टन भार पडतो. भरलेल्या साध्या ट्रकच्या टायरवर याहून जास्त असतो! प्रत्येक चाकावरचे तेलाचे सिलिंडर गटागटाने नळ्यांनी जोडलेले असतात. एक चाक खड्ड्यात गेले की त्या गटातले तेल तिकडे सरकते आणि भार समान राहतो. बहुधा असे तीन गट करतात, कारण तिवई कशाही जमिनीवर डुगडुगत नाही. मात्र मालाचा गुरुत्वमध्य या तीन गटांच्या त्रिकोणाबाहेर गेला की ट्रेलर कलंडतो, म्हणून माल चढवतानाची मापे फार काळजीने घेतात. पुढे ओढायला पुलर, म्हणजे ताकदवान इंजिनाच्या ओढगाड्या, असतात, चढावर मागूनही एक ढकलतो.

टायरवरचा भार कमी असला तरी पुलाच्या एका गाळ्यावर (दोन खांबांमधल्या भागावर) बरेचसे वजन एकाच वेळी येते. म्हणून पूल तपासल्याशिवाय परवानगी मिळत नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पूलरचनेच्या संहितेत 385 टनांचे विशेष वाहन गृहीत धरले आहे. त्याने पुलाच्या मधोमध, ताशी 5 किलोमीटरपेक्षा कमी वेगाने, दुसरे वाहन पुलावर नसताना जायचे असते. जुना पूल हा भार पेलत नसेल, तर उन्हाळ्यात कोरड्या पात्रातून मुरूम टाकून तात्पुरती वाट करतात.

वजन कमी असूनही आकारामुळे प्रवास किती लांबतो, हे एका ऑटोक्लेव्हने, म्हणजे उष्णता आणि दाब देणाऱ्या मोठ्या बंद भट्टीने, दाखवले. थिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठीचे हे यंत्र जुलै 2019 मध्ये महाराष्ट्रातून निघाले. वजन फक्त 70 टन, पण उंची 7.5 मीटर आणि रुंदी 6.65 मीटर. 74 चाकांची गाडी, सोबत तीसेक माणसांचा ताफा, वाटेत विजेच्या तारा आणि झाडे हटवण्याचे काम, त्यात कोरोनाची टाळेबंदी. चार राज्ये पार करून ते जुलै 2020 मध्ये पोहोचले. या माणसांनी वर्षभर रोज काही किलोमीटर पुढे सरकत केलेले काम यंत्राइतकेच मोलाचे मानले पाहिजे.

पवनचक्कीच्या पात्यांची गोष्ट याहून निराळी. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी–वनकुसवडे पठारासारख्या ठिकाणी पाती घाटाने चढवावी लागतात. तिथे वजन आणि रुंदी दोन्ही आटोक्यात असतात, अडते ती लांबी. लांबवता येणाऱ्या ट्रेलरची मागची चाके वेगळी वळवतात. फार लांब पाते असेल तर त्याचे बूड गाडीवर घट्ट आवळून टोक आकाशाकडे उचलतात आणि तसेच उभे धरून वळण पार करतात.