टाके बंद करताना साखळी कुठल्या धाग्याची?

निटिंग मशीनवर टाके बंद करायच्या, म्हणजे शेवटची कड उसवू नये अशी संपवायच्या, दोन रीती हमखास एकमेकींत मिसळतात: लॅच टूलची (हुकाला लॅच, म्हणजे उघडझाप करणारी जीभ, असलेलं हत्यार) आणि ट्रान्स्फर टूलची (टाका एका सुईवरून दुसरीवर न्यायचं हत्यार). दोन्हींत कडेला साखळी पडते, दोन्हींत एकेक टाका सुईवरून उतरतो. फरक इतकाच, की ती साखळी कुठल्या धाग्याची.

लॅच टूलमध्ये ती शेवटच्या ओळीचीच असते. म्हणून ती ओळ सैल हवी. टाक्याचा सैलपणा ठरवणारा डायल १० वर, म्हणजे सगळ्यांत सैल, नेऊन विणायची. मग कॅरेजच्या (सुयांवरून सरकत ओळ विणणारा भाग; धागा तिथेच असतो) विरुद्ध टोकापासून सुरुवात. पहिला टाका लॅच टूलवर घेऊन लॅचच्या मागे सरकवायचा, पुढचा हुकात धरायचा आणि पहिल्यातून ओढून काढायचा. शेवटच्या टाक्यातून धाग्याचं टोक ओवलं की झालं. उलट्या बाजूने सुरू केलंत, तर शेवटच्या टाक्यापाशी ओवायला धागाच नसतो. (मी हे एकदा केलंय. पुढे सगळी साखळी सरसर उसवली.)

कड घट्ट येतेय हे मधेच कळलं, तरी इथे इलाज नाही. सैलपणा आधीच्या ओळीत ठरून गेलेला असतो. जाड लोकर ९ वर विणत असाल तर १० ने फारसा फरक पडत नाही, कड आवळतेच.

ट्रान्स्फर टूलमध्ये साखळीसाठी कॅरेजकडचाच आणखी धागा लागतो, रुंदीच्या तीन-चार पट. सुरुवात कॅरेजच्या बाजूने. कडेचा टाका शेजारच्या सुईवर टाकायचा, ती सुई पुढे ओढून दोन्ही टाके सुईच्या लॅचमागे घ्यायचे, हुकात धागा ठेवायचा आणि सुई हाताने मागे ढकलायची. बंद झालेली कड सुयांमधल्या गेट पेगना (छोट्या खुंट्यांना) अडकवत गेलं, तर पूर्ण रुंदी टिकते; शेवटी पेगवरून उचलून काढायची. दर टाक्याला सुई किती मागे न्यायची ते आपल्या हातात. १८० टाक्यांना मात्र वेळ खाते.

बाहीच्या गोलाईला पाच-सहाच टाके बंद करायचे असतील, तर मी लॅच टूलकडे वळत नाही. तेवढ्यासाठी अख्खी ओळ सैल कोण विणणार! शिवाय ट्रान्स्फरमध्ये बंद करून झाल्यावर धागा उरलेल्या टाक्यांच्या कडेला तयार असतो, विणकाम तसंच पुढे चालू होतं.

तयार कापडावर ओळखायचं असेल तर साखळीखालची ओळ बघा. ट्रान्स्फरमध्ये ती बाकीच्या ओळींसारखी असते आणि साखळी तिच्यावर वेगळी बसलेली. लॅच टूलमध्ये शेवटच्या ओळीचे टाकेच आडवे पडून साखळी झालेले असतात.