पोटॅशची पिशवी आणि मिनिटाला वीस टिकटिक

घरी बनवलेला गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र, खरंच मोजतोय का, हे तपासायला कुठल्याही प्रयोगशाळेत जावं लागत नाही. उसाला किंवा केळीला टाकायला आणलेल्या पोटॅशमधलं किलोभर मागून घ्या. एक किलो म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये जवळपास अर्धा किलो पोटॅशियम असतं. नैसर्गिक पोटॅशियमच्या दर ग्रॅममागे सेकंदाला सुमारे ३१ अणू फुटतात. म्हणजे त्या पिशवीत सेकंदाला पंधरा हजारांवर. त्यातून सुटणारे मोजकेच कण काउंटरच्या नळीपर्यंत पोचतात, पण पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीवर नळी आडवी ठेवली की दहा मिनिटांत फरक कळतो. हातात धरायला हे खत निर्धोक आहे. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हाताने फेकतातच. जुनी पेट्रोमॅक्सची जाळी मिळाली तर उत्तमच, कारण पूर्वीच्या जाळ्यांमध्ये थोरियम हे किरणोत्सारी द्रव्य असायचं. ती जाळी मात्र पिशवीतून बाहेर काढू नका. तिची राख श्वासात जाणं चांगलं नाही.

असे वीस-पंचवीस काउंटर शाळा-कॉलेजांच्या गच्च्यांवर, शेतातल्या आखाड्यांवर बसवून त्यांचे आकडे एकत्र आणायचे, ही कल्पना जुनी आहे. २०११ मध्ये फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानमध्ये सेफकास्ट या गटाने लोकांच्या हाती काउंटर देऊन नकाशेच्या नकाशे तयार केले. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'आयर्मॉन' हे जाळं देशभर किरणोत्साराचं मोजमाप करतं. मराठवाड्यात अणुभट्टी नाही. मग इथे मोजायचं काय? इथे आकडा कमी आहे, आणि कमी आकडा विश्वासाने सांगणं हेच या यंत्राचं सगळ्यात अवघड काम आहे.

कमी का, ते पायाखाली आहे. वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, तो बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात किरणोत्सार देणारी पोटॅशियम, युरेनियम, थोरियम तिन्ही कमी. पण नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे गेलात की लाव्ह्याची चादर संपते आणि खालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. ग्रॅनाइटमध्ये ही तिन्ही द्रव्यं बेसॉल्टच्या कितीतरी पट असतात. ही सीमा आकड्यांत दिसली, तर तुमचं जाळं कामाचं. हेच घरातही करून बघता येतं: नळी अर्धा तास शहाबादी फरशीवर आणि अर्धा तास स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवायची. फक्त ओटा लालसर किंवा गुलाबी हवा. दुकानात ज्याला 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणतात, तो दगड बहुतेकदा ग्रॅनाइट नसतोच. तो बेसॉल्टच्याच गोतावळ्यातला असतो आणि त्यावर आकडा हलत नाही.

नळीबद्दल. १९२८ साली गायगर आणि म्युलर यांनी जी रचना केली, तीच आजही आहे: कमी दाबाचा वायू भरलेली नळी, मधोमध तार, आणि दोहोंमध्ये काही शे व्होल्ट. एखादा किरण वायूतला एक इलेक्ट्रॉन सुटा करतो, तो तारेकडे धावताना आणखी इलेक्ट्रॉन उडवतो, आणि एका अणूच्या घटनेचा मोजता येईल एवढा विजेचा ठोका होतो. घरगुती कामाला सोव्हिएत बनावटीची एसबीएम-२० ही पोलादी नळी सगळ्यात सोयीची. लांबी १०८ मिलिमीटर, चालते ४०० व्होल्टवर. चिनी काचेची जे३०५ स्वस्त पडते, पण तिला उजेडाचा त्रास होतो. आपल्या उन्हात ती उघडी ठेवली तर प्रकाशानेच खोटे ठोके पडतात. तिच्यावर काळी हीटश्रिंक (तापवली की आकसणारी प्लॅस्टिकची नळी) चढवा आणि टॉर्च मारून तपासा: आकडा वाढला तर झाकण अपुरं आहे.

नळीच्या टोकांना सोल्डर करू नका. उष्णतेने सील जातं आणि नळी कायमची मुकी होते. फ्यूज बसवायच्या क्लिपा वापरा, आणि नळीवरची अधिकची खूण पाहूनच बसवा.

चारशे व्होल्टसाठी ५५५ टायमर, काही मिलिहेन्रीचं इंडक्टर, आयआरएफ८४० मॉसफेट (झपाट्याने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), एक डायोड आणि १० नॅनोफॅरड, एक किलोव्होल्टचा कपॅसिटर पुरतो. डायोड यूएफ४००७ हवा. नेहमीचा १एन४००७ दिसायला तसाच, पण बंद व्हायला फार वेळ घेतो, त्यामुळे व्होल्टेज चढत नाही आणि तो तापतो. डास मारायच्या रॅकेटमधला सर्किट काढून लावण्याचा मोह अनेकांना होतो. त्याला आवर नसतो. हजाराच्या वर व्होल्ट गेले की नळीत अखंड ठिणगी पेटते आणि ती काही मिनिटांत बाद होते. अशा वेळी काउंटर फारच 'संवेदनशील' झाल्यासारखा वाटतो, हे विशेष.

आता सगळ्यात जास्त लोक फसतात ती जागा. मल्टीमीटर थेट लावून ४०० व्होल्ट मोजता येत नाहीत. मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो आणि एवढ्या अशक्त पुरवठ्याला तेवढं ओझंही पेलत नाही. मीटर २५० दाखवतो, माणूस पोटेन्शियोमीटर (व्होल्टेज कमी-जास्त करायची चकती) फिरवून ४०० करतो, आणि मीटर काढल्यावर नळीवर प्रत्यक्षात सहाशे असतात. १०० मेगाओहमचे दहा रेझिस्टर ओळीने जोडा, त्यांच्यातून मोजा, आणि आलेल्या आकड्याला १०१ ने गुणा. मीटरवर ३.९६ दिसलं की झाले ४००. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला राहतो. त्याचा झटका जीव घेणारा नसला तरी हात झटकून बोर्ड खाली पाडायला पुरेसा आहे.

नळीच्या धन टोकाला ५.१ मेगाओहमचा रेझिस्टर लागतो. तो क्लिपेला अगदी चिकटून असावा. मध्ये वीतभर वायर सोडली तर त्या वायरीत साठलेला विद्युतभार प्रत्येक ठोक्याला नळीत रिकामा होतो आणि नळीचं आयुष्य घटतं. ऋण टोकाकडून १०० किलोओहममधून जमिनीला, तिथून बीसी५४७ ट्रान्झिस्टर, आणि त्याच्यापुढे ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या संगणक-चिपची इंटरप्ट पिन, म्हणजे प्रत्येक ठोका टिपणारा पाय. ईएसपी वायफायवर बोलायला लागला की क्षणभर भरपूर प्रवाह ओढतो, पुरवठा दबतो आणि खोटे ठोके मोजले जातात. त्याच्या पायांशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. मग नळी काढून तासभर चालवा: मोजणी शून्यच यायला हवी. ही चाचणी कुणी करत नाही आणि नंतर 'रात्री रेडिएशन वाढतं' असे शोध लागतात.

पावसाळ्यात वेगळीच अडचण. बोर्डावर राहिलेला फ्लक्स (सोल्डर करताना लागणारा चिकट पदार्थ) दमट हवेत ओला होतो आणि चारशे व्होल्ट त्याच्यावरून गळतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने घासून धुवा, वाळवा, मग संरक्षक लेप द्या. एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास: नळी ७० अंशांपर्यंत टिकते, पण उन्हातल्या पत्र्याच्या डब्यात बाकीचे भाग टिकत नाहीत. पांढरा प्लॅस्टिकचा डबा, सावली, जमिनीपासून एक मीटर उंची, भिंतीपासून दूर. लोडशेडिंगसाठी एक १८६५० बॅटरी आणि डीएस३२३१ घड्याळ ठेवा, म्हणजे नेट गेलं तरी नोंदी वेळेसकट साठतील आणि नंतर जातील.

आता त्या कमी आकड्याकडे. एसबीएम-२० वर मिनिटाला साधारण पंधरा ते पंचवीस ठोके येतील. वीस धरू. अशा मोजणीत आकड्याच्या वर्गमूळाएवढी चढउतार नुसत्या योगायोगाने होतेच, आणि विसाचं वर्गमूळ साडेचार. म्हणून एका मिनिटात सोळा आणि पुढच्यात पंचवीस आले तर काहीही घडलेलं नाही. तासाभराचे १२०० मोजले की चूक ३५ ची, म्हणजे तीन टक्क्यांवर येते. जाळ्यावर तासाची सरासरी दाखवा, मिनिटाची नको. सर्व्हरवर कच्चे ठोके पाठवा आणि सोबत नळीचा प्रकार. मिनिटाला १७५ ठोके म्हणजे तासाला एक मायक्रोसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या मात्रेचं एकक), हा प्रचलित गुणक सीझियमसारख्या किरणांसाठी ठीक आहे. पण नळीच्या स्वतःच्या धातूतूनही काही ठोके येतात, आणि बेसॉल्टवर एकूणच कमी असताना तो हिस्सा मोठा ठरून मात्रा फुगलेली दिसते.

वाटप करण्याआधी सगळे काउंटर एका खोलीत चोवीस तास शेजारी ठेवा. प्रत्येकाचे २८,८०० च्या आसपास ठोके होतील, अनिश्चितता एका टक्क्याच्या आत. कोण किती जास्त-कमी दाखवतो ते लिहून त्या डब्यावरच चिकटवा. हे केलं नाही तर देगलूर आणि लातूरमधला फरक दगडाचा की नळीचा, हे कधीच कळणार नाही.

लोक विचारतीलच, तर सांगून टाका: मोबाइल टॉवरचे तरंग हे यंत्र मोजत नाही. बोअरच्या पाण्यातलं युरेनियमही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. एवढ्यात सेकंदाला सरासरी एकही अणू फुटत नाही, शिवाय निघणारे अल्फा कण नळीची भिंत ओलांडत नाहीत. पाणी प्रयोगशाळेतच न्यावं.

पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या सरीला आलेख उठेल. घाबरू नका. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूपासून तयार झालेली शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ ही द्रव्यं पाऊस खाली आणतो. त्यांची अर्धायुष्यं २७ आणि २० मिनिटं. पाऊस थांबला की दोन-तीन तासांत आलेख जागेवर येतो. काउंटरशेजारी पर्जन्यमापक ठेवला तर हे आपोआप ओळखता येतं.

पाऊस नसताना आकडा दुप्पट होऊन तसाच राहिला, तर आधी व्होल्टेज मोजा, मग नळी बदला, मग दुसरा काउंटर शेजारी आणा. जालन्यासारख्या, भंगार वितळवून सळया करणाऱ्या गावात ही सवय विशेष कामाची. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० या तीव्र किरणोत्सारी धातूने एकाचा जीव घेतला होता. दुसऱ्या काउंटरनेही तेच दाखवलं तर वस्तू शोधत पुढे जायचं नाही. मागे हटायचं, माणसांना लांब ठेवायचं आणि जिल्हा प्रशासनाला कळवायचं. आणि पुढे जाताना आकडा चढता चढता एकदम शून्य झाला, तर संकट टळलं असं समजू नका: मारा फार वाढला की नळी दोन ठोक्यांमध्ये सावरतच नाही आणि गप्प होते.