निर्यातीची मासळी आणि बाजारातला बर्फ

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात किंवा बेलापूरजवळच्या दिवाळे गावात मासळीला पूर्वी बर्फाची गरजच पडत नसे. खाडीत जाळं लावायचं, बोय, निवटी, कोळंबी काढायची आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. उरलेल्या मालाला मीठ लावायचं किंवा तो उन्हात सुकवायचा. मिठाने आणि उन्हाने मासळीतलं पाणी कमी होतं, आणि पाण्याशिवाय जिवाणू फोफावत नाहीत.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, खाडीकाठी शहर उभं राहिलं. कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी खाडीत गेलं, खाडीतली मासळी आटली. आज वाशी-ठाण्याच्या बाजारातला बराचसा माल ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्याकडून टेम्पोने येतो. जाळं आणि कढई यांच्यातलं अंतर वाढलं आणि मासळीची सगळी भिस्त बर्फावर आली.

निरोगी जिवंत माशाच्या मांसात जिवाणू जवळपास नसतातच. ते असतात कातडीवरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि आतड्यात. त्यातले काही समुद्राचेच रहिवासी. जपानमध्ये ओसाकाजवळ १९५० साली उकडून अर्धवट सुकवलेली बारीक मासळी खाऊन २७२ जण आजारी पडले आणि २० दगावले. त्या तपासात संशोधक त्सुनेसाबुरो फुजिनो यांना व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा समुद्री जिवाणू सापडला. त्याचाच एक नवा प्रकार १९९६ मध्ये कोलकात्यात आढळला आणि पुढे जगभर पसरला.

साल्मोनेला आणि ई-कोलाय या जिवाणूंची गोष्ट वेगळी. हे समुद्री माशाचे नव्हेतच. ते येतात मैलापाण्यातून, घाणेरड्या हातांतून, धुण्याच्या पाण्यातून आणि बर्फातून. म्हणून माशात साल्मोनेला सापडला तर बोट माशाकडे नाही, माणसांच्या व्यवहाराकडे दाखवायला हवं.

ते युरोपने दाखवलं. गोठवलेली कोळंबी परदेशी पाठवायला भारताने १९५० च्या दशकात कोचीनहून सुरुवात केली होती. पुढे तळोज्याच्या एमआयडीसीतही मासळी गोठवणारे कारखाने आले. ऑगस्ट १९९७ मध्ये अस्वच्छता आणि साल्मोनेला यांवर बोट ठेवून युरोपीय संघाने भारतीय मासळी रोखली. त्याच वर्षी १८ डिसेंबरपासून अमेरिकेत ‘हॅसप’ सक्तीचं झालं. मूळची अंतराळवीरांच्या जेवणासाठी आखलेली ही पद्धत: तयार माल तपासत बसण्यापेक्षा धोका कुठे शिरतो ती जागा शोधून तिथेच पहारा बसवायचा. निर्यातदारांनी मुकाट्याने क्लोरिनचं पाणी, गमबूट, टोप्या, तापमानाच्या नोंदी असं सगळं उभं केलं.

देशातल्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला हे फार उशिरा आलं. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, त्याची अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून. खाण्याला थेट लागणारा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा, असं नियम सांगतात. मात्र २०१८ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालायला लावला. सरबतात तो बर्फ पडू नये हा हेतू चांगलाच. पण नाशवंत माल टिकवायला हाच अखाद्य बर्फ वापरला जातो, आणि मासळीइतकं नाशवंत दुसरं काय असतं? माझ्या मते ही पळवाटच आहे. त्याच वर्षी केरळ-गोव्यातल्या मासळीत फॉर्मालिन हे रसायन घातल्याच्या बातम्यांनी रसायनाची भीती घरोघरी पोचवली. बर्फाच्या पाण्याची चर्चा मागेच राहिली.

बाजारात जवळून पाहिलं तर गोणपाटात गुंडाळलेली लादी जमिनीवरच फोडतात, चुरा पापलेटवर पसरतात. वितळलेलं पाणी खालच्या पाटीतल्या बांगड्यांवर ठिबकत राहतं. कोळीण कोयत्याने आतडी काढते, त्याच बादलीत हात बुडवते आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा मासा उचलते. दोष तिच्या एकटीचा नाही. तिच्या ओट्याला नळच नसेल तर ती पाणी बदलणार कुठून?

‘फ्रोझन’ पाकीट घेतलं म्हणजे सुटलो, असंही नाही. उणे १८ अंशांवर जिवाणू वाढायचे थांबतात, सगळे मरत नाहीत. पाकीट ओट्यावर वितळत ठेवलं की पुन्हा वाढू लागतात. बांगडा, कुपा अशा माशांना उन्हात तिष्ठत ठेवलं तर जिवाणू त्यांच्यात हिस्टामिन तयार करतात. अंगावर लाल चट्टे उठतात, डोकं ठणकतं. पुढे बर्फात ठेवा, गोठवा किंवा कडकडीत तळा, एकदा तयार झालेलं हिस्टामिन जात नाही.