जुन्या गोव्याची चित्रं: शहर होतं तेव्हाची आणि उरलं नाही तेव्हाची

डिसेंबर लागला, सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त जवळ आलं, की जुन्या गोव्याचे कृष्णधवल फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरायला लागतात. सॅ कॅथेड्रलचा एकुलता एक मनोरा, झेवियरचं शव ठेवलेल्या बोम जेझुस चर्चची दर्शनी बाजू, सेंट ऑगस्टिनचा पडका डोलारा. फोटो सुंदर असतात यात शंका नाही. पण चार-पाच सलग पाहिले की एक गोष्ट खटकते. चर्च आहेत, माड आहेत, मधून जाणारी एखादी पायवाटही आहे. रस्ता म्हणावा असा रस्ता मात्र कुठेच नाही. लागून लागून घरं नाहीत, दुकानं नाहीत, सज्जातून वाकून बघणारं कुणी नाही. ‘गोवा पाहिलेल्याला लिस्बन पाहायची गरज नाही’ अशी पोर्तुगीजांची म्हण ज्या शहरावरून पडली, ते शहर या फोटोंत सापडत नाही.

कारण साधं आहे. कॅमेरा गोव्यात पोचला तेव्हा हे शहर मरून बराच काळ लोटला होता. ते जिवंत असतानाचं पाहायचं तर फोटो बाजूला ठेवून ताम्रपटावर कोरून छापलेल्या चित्रांकडे जावं लागतं, आणि तिथे वेगळ्याच अडचणी उभ्या राहतात.

पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा कायमचं घेतलं ते २५ नोव्हेंबर १५१० रोजी. तो सेंट कॅथरिनचा दिवस, म्हणून पुढे कॅथेड्रल तिच्या नावाने झालं. १५३४ मध्ये गोव्याला बिशप मिळाला, १५५७ मध्ये आर्चबिशपचं पीठ आलं. आज उभ्या असलेल्या सॅ कॅथेड्रलचं काम १५६२ मध्ये सुरू झालं आणि मुख्य इमारत पुरी व्हायला १६१९ उजाडलं. म्हणजे शहराच्या भरभराटीच्या बहुतेक काळात या जागेवर परांच्या, चुना आणि जांभ्या दगडाचे ढीगच दिसत असणार. आपण मनात रंगवतो ते सोनेरी गोवा आणि पूर्ण झालेलं कॅथेड्रल यांची गाठ फार थोडी वर्षं पडली.

या काळातली सर्वांत जुनी चित्रं रस्त्यांची नाहीत, माणसांची आहेत. १५४० च्या सुमारास एका अनाम भारतीय चित्रकाराने काढलेली ७६ रंगीत चित्रं रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात जपलेली आहेत. वरच्या ओळी पोर्तुगीजमध्ये, हात मात्र इथला. धोबी, लोहार, नांगरणारे शेतकरी, हिंदू लग्न, दूरदूरच्या मुलखांतली जोडपी. इराणी आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ बंदराच्या चित्रात तर फिरंगी उकाड्याला कंटाळून पाण्याच्या हौदातच टेबल मांडून जेवताना दाखवलेत. मागे भिंत नाही, घर नाही, आकाश नाही. माणसं कोऱ्या कागदावर उभी. चित्रकाराला शहर दाखवायचंच नव्हतं, कोण काय नेसतं आणि कोण काय करतं हे सांगायचं होतं. त्यानंतर १५७२ मध्ये कोलोनला ब्राउन आणि होगेनबर्ग यांनी जगभरच्या शहरांचा नकाशासंग्रह काढला. त्यात गोवा आहे, पण दीव आणि मोरोक्कोतल्या शहरांसोबत एकाच पानावर दाटीवाटीने बसवलेलं.

रस्ता खऱ्या अर्थाने दिसतो तो यान हाउखेन व्हान लिन्शोटेनमुळे. हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात आला तो नवे आर्चबिशप व्हिसेंते दा फोन्सेका यांच्या चाकरीत. कारकुनी करत होता, त्यामुळे कागदपत्रं आणि माणसं दोन्ही त्याच्या नजरेखालून जात होती. पाचेक वर्षं राहून तो परतला आणि १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला त्याचं प्रवासवर्णन छापलं गेलं. पोर्तुगीजांनी जपून ठेवलेली समुद्रमार्गांची माहितीही त्याने उघड केली. पुढे डचांची जहाजं पूर्वेकडे सुटली त्यात तिचा वाटा मोठा, पण तो विषय वेगळा. आपल्या कामाची आहेत ती त्यातली चित्रं: शहराचा वरून पाहिल्यासारखा नकाशा आणि ‘रुआ दिरैता’ या सरळ रस्त्यावरचा रोज सकाळचा लिलाव.

हा रस्ता मांडवीकाठच्या विजरईच्या, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या, वाड्याकडून शहराच्या आत जायचा. लिन्शोटेन सांगतो की रविवार आणि सणवार सोडून दररोज सकाळी सात ते नऊ इथे बाजार भरे. त्यापुढे ऊन सोसवत नसे. दवंडी देणारे अंगावर सोन्याच्या साखळ्या, मोती, अंगठ्या लटकवून फिरत, म्हणजे विकायचा मालच अंगावर घालून. अरबी घोडे, गालिचे, चिनी मातीची भांडी, आणि त्याच ओळीत विकायला उभी केलेली माणसं. चित्रात हे सगळं एकाच वेळी चाललंय. दोन्ही बाजूंना मजल्यांची घरं, मध्ये गर्दी, कुणाच्या डोक्यावर नोकराने धरलेली छत्री. गुलामांचा सौदा हा चित्रातला एखादा झाकलेला कोपरा नाही; घोड्याचा सौदा जितका उघड तितकाच तो उघड. गोव्याच्या वैभवाची वर्णनं वाचताना ही गोष्ट हळूच गळते, म्हणून चित्र मोठं करून पाहावं.

पण हे चित्र म्हणजे फोटो नव्हे. आराखडे लिन्शोटेनचे, कोरीवकाम हॉलंडमधल्या डोएटेकुम बंधूंचं. त्यामुळे माणसांचे दंड, पोटऱ्या आणि उभं राहण्याची ढब युरोपी शिल्पांसारखी झाली. शिवाय मजकुरात आहे ते सगळं चित्रात उतरलेलं नाही. लिन्शोटेन लिहितो की गोव्यातले हिंदू वैद्य पोर्तुगीज सरदारांसारखी डोक्यावर छत्री धरवून हिंडत, आणि खुद्द विजरई, आर्चबिशप, पाद्री आपल्या देशी डॉक्टरांपेक्षा त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवत. गुजराती वाण्यांची, ब्राह्मणांची दुकानं कुठे काय विकत तेही तो सांगतो. ही माणसं त्याच्या पुस्तकात वेगळ्या पानांवर, नमुन्यासारखी जोडीजोडीने उभी आहेत. बाजाराच्या गर्दीत त्यांना ओळखणं कठीण. नुसतं चित्र पाहणाऱ्याला वाटावं की हे शहर फिरंग्यांचं आणि त्यांच्या गुलामांचंच होतं. प्रत्यक्षात त्याचा व्यापार, औषधपाणी आणि बरीचशी कारागिरी हिंदूंच्या हातात होती. त्यांची देवळं मात्र शहरात नव्हती. हे शहर ज्या बेटावर होतं त्या तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमारास पाडली गेली, आणि पुढच्या काळात तिसवाडी-साष्टीतले कितीतरी देव नदीपलीकडे, तेव्हा आदिलशाहीत असलेल्या फोंड्याच्या बाजूला हलवले गेले.

याच वर्षांतली आणखी एक गंमत सांगायला हवी. १५८३ च्या अखेरीस होर्मुझहून चार इंग्रज कैदी करून गोव्यात आणले गेले. त्यातला जेम्स स्टोरी हा चित्रकार होता. सेंट पॉल कॉलेज चालवणाऱ्या जेझुइट संघाच्या पाद्र्यांना रंगकाम करणारा माणूस हवाच होता, त्यांनी त्याला लगेच आत घेतलं. काही दिवसांनी पाद्रीपणाचा बेत सोडून त्याने गावात स्वतःचं दुकान थाटलं आणि तिथेच लग्नही केलं. बाकीच्यांची जामिनावर सुटका व्हावी म्हणून धडपड करणाऱ्यांत त्याच कॉलेजशी संबंधित एक इंग्रज पाद्री होता: थॉमस स्टीफन्स. १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलेलं मराठी ‘क्रिस्तपुराण’ त्याचंच. ओव्या रचणारा पाद्री, दुकान टाकणारा चित्रकार आणि टिपणं काढणारा कारकून एकाच वेळी याच रस्त्यांवरून चालत होते.

लिन्शोटेनचं चित्र गाजलं, आणि गाजल्यामुळेच घोटाळा झाला. फ्रँकफुर्टच्या द ब्राय घराण्याने त्याची नक्कल काढली. त्यानंतरही नकला होत राहिल्या. १८ व्या शतकाच्या सुरुवातीला लायडेनचा प्रकाशक पीटर व्हान डर आ तोच बाजार पुन्हा छापत होता. युरोपातल्या वाचकासमोर गोव्याचा सरळ रस्ता सव्वाशे वर्षं माणसांनी फुललेला राहिला. इकडे तो रिकामा होत होता.

रिकामा का झाला याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. डचांनी व्यापार तोडला, हे मोठं कारण. पण शहर आतूनही पोखरत होतं. जमीन सच्छिद्र, सांडपाण्याची सोय नाही, विहिरींत घाण झिरपायची. १५४३ मध्ये पटकीने माणसं पटापट मेली होती, त्यानंतर साथी आणि हिवताप यांनी पाठ सोडली नाही. पिण्याचं पाणी बाणगिणीच्या झऱ्यावरून आणून घरोघरी विकलं जाई. १६०८ मध्ये इथल्या राजाच्या इस्पितळात रुग्ण म्हणून दाखल झालेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल हे नोंदवतो. नंतर १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने शहराच्या तोंडाशी असलेलं जुवे बेट घेतलं. विजरई कोंदे दी आल्व्होर तिथून कसाबसा जीव वाचवून परतला आणि त्याने आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवापाशी नेऊन ठेवला. मोगल आल्यामुळे मराठ्यांना मागे फिरावं लागलं, पण राजधानी मुरगावला हलवायचा विचार त्यानंतरच जोर धरू लागला. ते बांधकाम अर्धवट राहिलं. १६९५ मध्ये विजरईने शहराबाहेर पानेलीला मुक्काम हलवला, १७५९ मध्ये पणजी गाठली. १७७५ च्या सुमारास जुन्या शहरात उरली होती जेमतेम १६०० माणसं.

पोर्तुगालचा मुख्य मंत्री पोंबाल याने १७७० च्या दशकात शहर पुन्हा वसवायचा हुकूम काढला. मजूर रोगाने मरू लागले, तेव्हा काम सोडून द्यावं लागलं. कॅथेड्रलचा उत्तरेकडचा मनोरा १७७६ मध्ये पडला तो याच दिवसांत. पुढे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, १८१२ मध्ये बंद झालं, त्याचा वाडा पाडला गेला, विजरईचा वाडाही गेला. शेवटचा घाव १८३५ चा: धार्मिक संघ बरखास्त झाले, मठ ओस पडले. जांभा दगड, तुळया, घंटा, जे हलवता आलं ते हललं. ऑगस्टिनची मोठी घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चवर आहे. घरांकडे तर कुणी पाहिलंच नाही. चर्चला पाद्री होता, उत्पन्न होतं, भाविक होते. घराचा मालक रायबंदर-पणजीला गेला की दोन पावसाळ्यांत छप्पर बसायचं आणि पुढचं काम झाडंझुडपं करायची. रस्ते गेले ते असे.

म्हणून १९ व्या शतकातले चित्रकार आणि छायाचित्रकार इथे आले ते पडझड टिपायलाच. लोपेस मेंदिस हा पोर्तुगीज अधिकारी १८६० च्या दशकात गोव्यात राहिला आणि १८८६ मध्ये लिस्बनला त्याचे ‘आ इंदिया पोर्तुगेझा’ हे दोन खंड निघाले. त्याच्या रेखाटनांत इमारतींइतकीच माणसंही आहेत, पण ती गावोगावची. जुन्या शहरात माणूस दिसतो तो इमारत किती उंच आहे ते कळावं एवढ्यापुरता. शतकाच्या अखेरीस गोव्यातल्या सौझा अँड पॉल या स्टुडिओने काढलेल्या फोटोंची गतही फारशी निराळी नाही.

अपवाद आहे तो झेवियरच्या शवदर्शनाच्या सोहळ्यांचा. पहिलं जाहीर शवदर्शन १७८२ मध्ये झालं, मग १८५९, १८७८, १८९०. बोम जेझुसमधून शव कॅथेड्रलमध्ये नेलं जाई आणि तेवढे दिवस ओसाड पठार माणसांनी भरून जाई. ‘जुन्या गोव्यातलं लोकजीवन’ म्हणून जे गर्दीचे फोटो आज दाखवले जातात त्यातले बरेचसे अशा दिवसांचे असतात. ती गर्दी साष्टी-बार्देशातून, बेळगाव-मुंबईकडून आलेली; दर्शन घेऊन परतणारी. यात्रेचा फोटो यात्रेचा म्हणूनच पाहावा, त्यावरून गाव कसं नांदत होतं हे ताडू नये.

हाती आलेला फोटो कधीचा हे ताडायला मात्र चांगल्या खुणा आहेत. ऑगस्टिनची दर्शनी भिंत आणि दोन्ही मनोरे उभे असतील तर फोटो १९३१ च्या आधीचा; त्या वर्षी भिंतीचा मोठा भाग कोसळला, १९३८ मध्ये आणखी. छत कुठल्याच फोटोत असणार नाही, ते १८४२ मध्येच गेलं होतं. नदीकाठची विजरईची कमान १९४८ मध्ये पडली आणि १९५४ मध्ये नव्याने उभारली. आणि सर्वांत सोपी खूण बोम जेझुसची: चर्च पांढरं असेल तर फोटो १९५० च्या दशकाआधीचा किंवा त्या दशकाच्या अगदी सुरुवातीचा. जुनेपणा उठून दिसावा म्हणून पोर्तुगीज वास्तुरचनाकार बाल्ताझार कास्त्रो यांनी त्याचा गिलावा तेव्हा उतरवला. आज पोस्टकार्डावर दिसणारा तो तांबूस उघडा जांभा हा त्या निर्णयाचा परिणाम आहे. जांभा पाऊस पितो आणि भुगा होत जातो, हे कोकणात घर बांधणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. २०२० मध्ये चर्चच्या रेक्टरांनीच गिलावा परत करा अशी जाहीर मागणी केली, तेव्हा पुरावा म्हणून उपयोगी पडले ते हेच जुने, पांढऱ्या भिंतीचे फोटो.