पार्श्वभूमी : टप्प्यांची लांब दौड आणि खाडीवर अडलेला ‘अखंड’ हा शब्द

लांब पल्ल्याच्या सांघिक दौडीत, जिथे संघातले धावक एकामागून एक आपापला टप्पा पळतात, ‘अखंड’ या एका शब्दावरून जितके वाद होतात तितके वेगावरूनही होत नाहीत. कोकण किनाऱ्यावर हे वाद देशावरच्यापेक्षा अधिक चिवट ठरतात, कारण येथे मुळात रस्ताच अखंड नाही. रेवसहून रेडीकडे समुद्र उजव्या हाताला ठेवून निघालेल्या संघाला बऱ्याच खाड्या पुलांवरून ओलांडता येतात. परंतु राजपुरीच्या खाडीत आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडले ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीच्या खाडीत तवसाळ ते जयगड येथे किनारा सोडायचा नसेल तर फेरीबोट घ्यावी लागते, नाहीतर आत शिरून मोठा वळसा पडतो. धावणारा माणूस बोटीत उभा असतो त्या वेळात दौड चालू आहे की थांबली आहे, हा प्रश्न किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने धावणाऱ्या प्रत्येक गटासमोर येतो. त्याचे उत्तर शोधताना या धावण्याचा इतिहास उपयोगी पडतो, म्हणून ही नोंद.

माणसामागून माणूस पळवून मजल गाठणे आपल्याकडे नवे नाही. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या एका मोरोक्कन प्रवाशाने पायी डाकेचे वर्णन केले आहे, ते असे : एका मैलात तीन ठाणी, ठाण्याबाहेर कंबर कसून बसलेली माणसे, एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात तांब्याच्या घंटा लावलेली काठी. घंटांचा आवाज कानी पडताच पुढचा माणूस उठून तयार होई, आणि ही पायी डाक घोड्यांच्या डाकेहून वेगवान असे. पुढे मराठेशाहीत जासूद आणि इंग्रजी अमलात हरकारे हेच काम करत राहिले. डाकेच्या थैलीसोबतच्या कागदावर ती पोहोचल्याची आणि निघाल्याची वेळ मांडली जाई. या जुन्या काळातून आजच्या वादासाठी घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की तेव्हा अखंड राहायची ती थैली. पळणारा बदलला, वाटेत नदी लागली, थैली होडीत चढली, म्हणून डाक तुटली असे कोणाला वाटत नसे.

डाकेची शर्यत झाली ती जपानमध्ये. १९१७ च्या एप्रिलअखेरीस, राजधानी तोक्योला हलवल्याला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने, क्योतोच्या एका पुलापासून तोक्योच्या एका तळ्यापर्यंत सुमारे ५०८ किलोमीटरची दौड झाली. २३ टप्पे, दोन संघ, दिवसरात्र धावणे आणि तीन दिवसांचा काळ असे तिचे स्वरूप होते, आणि पुरस्कर्ते एक वृत्तपत्र होते. तिला दिलेले ‘एकिदेन’ हे नाव प्राचीन सरकारी डाकव्यवस्थेवरून घेतलेले होते. त्या व्यवस्थेतल्या दूताकडेही ओळखीची खूण म्हणून घंटाच असे, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. या दौडीत एकाने दुसऱ्याला द्यायची वस्तू म्हणजे दांडा नव्हे, तर खांद्यावरून तिरका घ्यायचा कापडी पट्टा. तो घामाने भिजतो, जड होतो आणि आधीच्या माणसाचा घाम घेऊनच पुढच्याच्या अंगावर जातो.

१९२० पासून विद्यापीठांच्या संघांसाठी सुरू झालेली हाकोनेची दौड याच मुशीतली आहे. दहा टप्पे, दोन दिवस, तोक्यो ते हाकोने जाऊन-येऊन २१७ किलोमीटरहून थोडे अधिक अंतर, आणि पाचवा टप्पा तर आठशे मीटरहून अधिक चढाचा. या दौडीतला एक नियम मात्र आजही माणसांना रडवतो. आघाडीचा संघ बदलीच्या ठाण्यावरून पुढे गेल्यावर ठरावीक मिनिटांत, परतीच्या दिवशी वीस मिनिटांत, आपला धावक पोहोचला नाही, तर पुढच्या धावकाला वाट न पाहता सोडले जाते. रस्ता अनिश्चित काळ बंद ठेवता येत नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे. तेव्हा बहुतेक ठाण्यांवर पुढचा गडी आपल्या विद्यापीठाचा पट्टा न घेता आयोजकांनी दिलेला दुसरा पट्टा घालून निघतो. वेळेचा हिशेब नंतर जुळवला जातो, संघ शर्यतीत राहतो, क्रमांकही मिळतो. पण पट्ट्याची साखळी तुटलेली असते. ठाणे डोळ्यांसमोर दिसत असताना, शंभर पावलांवर आपला जोडीदार निघून गेल्याचे पाहणाऱ्या धावकाचे काय होत असेल, हे ज्याने कधी कोणाला वाट पाहायला लावली आहे त्याला सांगावे लागणार नाही. दुसरीकडे, एखादा धावक वाटेतच कोसळला तर पुढचे धावू शकतात, पण संघाचा अधिकृत क्रमांक जातो. म्हणजे हाकोनेच्या नियमांनी अखंडपणाचे दोन अर्थ वेगळे केले आहेत : वस्तूचा अखंडपणा तुटला तर दुःख होते, अंतराचा अखंडपणा तुटला तर निकाल जातो. माझ्या मते ही विभागणी जगभरच्या टप्पा-दौडींतली सर्वांत विचारपूर्वक केलेली आहे.

मॅरेथॉनचे अंतर ५, १०, ५, १०, ५ आणि ७.१९५ किलोमीटर अशा सहा तुकड्यांत वाटण्याचा प्रघातही पुढे रूढ झाला आणि त्याची जागतिक स्पर्धा १९९२ ते १९९८ या काळात चार वेळा झाली. तिचा आपल्या विषयाशी फारसा संबंध नाही, कारण तिथे रात्र नाही आणि पाणीही नाही. आपल्याकडच्या गटांनी जे रूप घेतले आहे ते १९८२ च्या अमेरिकेतले : ओरेगॉनमधल्या एका बर्फाच्छादित डोंगरावरून निघून समुद्रावर संपणारी दौड, जिचा आरंभ अवघ्या आठ संघांनी झाला. पुढे स्थिरावलेल्या तिच्या घडणीत एका संघात बारा जण, दोन गाड्या, छत्तीस टप्पे, सुमारे ३२० किलोमीटर आणि प्रत्येकाच्या वाट्याला तीन पाळ्या असतात. हळू संघ आधी आणि वेगवान संघ नंतर सोडले जातात, म्हणजे सर्वजण समुद्रावर साधारण एकाच सुमारास पोहोचतात. ‘डोंगरातून समुद्राकडे’ ही कल्पना घाट उतरून किनाऱ्याला येणाऱ्या माणसाला वेगळी समजवावी लागत नाही. मुंबईत २००४ पासून दरवर्षीच्या मॅरेथॉनने धावण्याची हौस घरोघरी नेली. त्या हौशीतले चाकरमानी धावक सुट्टीत गावी येताना अशा दौडींची स्वप्ने घेऊन येतात, आणि गावातली पोरे त्यांना एका वाक्यात सांगतात की हे तर आम्ही दरवर्षी करतो.

त्यांचे म्हणणे खरे आहे. शिवजयंतीला गडावरून पेटवलेली ज्योत पळत गावात आणण्याची प्रथा महाराष्ट्रभर आहे, आणि रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत किल्ल्यांची माळ असलेल्या या पट्ट्यात ती विशेष जिवंत आहे. रायगडावरचा सार्वजनिक उत्सव १८९६ चा. ज्योतीची दौड त्याच उत्साहाची पुढची पिढी. (तारखेची जयंती आणि तिथीची जयंती असे दोन दिवस असल्याने काही गावांतून ज्योत वर्षाला दोनदा धावते.) रात्री दीड-दोनच्या सुमारास घाटात ती एकदा जवळून पाहावी. पुढे दुचाकी, मागे टेम्पो, टेम्पोत भगवा झेंडा, तेलाचा डबा, चिंध्या आणि एक कंदील. मध्ये अनवाणी पोरगा, मशाल अंगापासून दूर धरलेली, कारण तेलाचे थेंब मनगटावर पडतात. दुचाकीवरचा शिट्टी वाजवतो, टेम्पोच्या फाळक्यावर बसलेला पुढचा पोरगा उडी मारून दहा-बारा पावले बरोबरीने पळतो, दोघांचे हात क्षणभर एकाच दांड्यावर असतात, आणि मग पहिला हात सोडतो. टेम्पोतला कंदील गडावरच्याच ज्योतीवर पेटवलेला असतो. वाऱ्याने मशाल विझली तर ती त्या कंदिलावर पुन्हा पेटवतात. तेव्हा ज्योत तुटली का? जाणती माणसे ‘नाही’ म्हणतात, कारण आग तीच आहे. मशाल विझू शकते हे गृहीत धरूनच कंदील घेतलेला असतो.

हाच विचार आपल्या गावांतल्या अखंड हरिनाम सप्ताहातही आहे. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, पण ती धरून उभा राहणारा पहाऱ्यापहाऱ्याने बदलतो, आणि पुढचा आल्याशिवाय आधीच्याला ती गळ्यातून उतरवता येत नाही. पहाटे तीनच्या पहाऱ्याला येणारा झोपून राहिला, तर आधीचा माणूस सहापर्यंत उभा राहतो. त्याबद्दल तक्रार होते, पण वीणा खाली येत नाही. टप्पा-दौडीत दमलेल्या धावकाला जोडीदार जागेवर सापडत नाही तेव्हा नेमके हेच घडते. म्हणून परकीय दौडींचे नियम वाचताना कोकणातल्या माणसाला ते परके वाटत नाहीत.

आता खाडीकडे. किनाऱ्यावर अशा दौडीचा बेत होतो तेव्हा तीन मते हमखास मांडली जातात. पहिले मत : घड्याळ चालू राहावे, कारण खाडी हा मार्गाचाच भाग आहे आणि जुन्या वाटसरूलाही तिथे थांबावे लागे. दुसरे मत : जेटीला पाय लागताच घड्याळ थांबावे आणि पलीकडे उतरताच सुरू व्हावे. तिसरे मत : खाडीला दौड तोडावी, सर्व संघ पलीकडे जमवावेत आणि संघांमधल्या वेळेचे अंतर मोजून पुन्हा सोडावेत. पहिल्या मताला एक कणखर आकर्षण आहे, पण त्यात न्याय नाही. धोपाव्याच्या जेटीवर मी स्वतः पाहिले आहे. आमचा गडी दाभोळच्या तीव्र उतारावरून गुडघे वाचवत आला, तो तिथल्या जेटीला पोहोचला तेव्हा बोटीचा फाळका वर उचलला जात होता आणि बोट व जेटी यांमधल्या पाण्याची रुंदी हातभरापेक्षा अधिक नव्हती. पलीकडे उभे असलेल्या आम्हाला तो दिसत होता. पुढची बोट येईपर्यंत पाऊण तास गेला. त्याच्या आधी जेमतेम मिनिटभर पोहोचलेला संघ तेवढ्या वेळात वेळणेश्वराच्या वाटेवर बराच पुढे निघून गेला होता. मिनिटाच्या फरकाचा पाऊण तास व्हावा, यात ना पायाचे श्रेय ना दोष.

दुसऱ्या मतावरचा आक्षेप असा, की थांबलेल्या घड्याळात मिळालेली विश्रांती फुकटची असते. ज्याला बोट उशिरा मिळाली त्याच्या पिंडऱ्या अधिक ताज्या होतात. हा आक्षेप खोटा नाही, परंतु टप्पा-दौडीत त्याला एक सरळ उत्तर आहे, जे एकट्याच्या दौडीत उपलब्ध नसते : जेटीवर माणूस बदलावा. अलीकडे आलेला धावक पट्टा घेऊन बोटीत चढावा, पलीकडे उतरताच तो नव्या धावकाला द्यावा, आणि खाडीच्या दोन्ही बाजूंच्या वेळा, जुन्या डाकेच्या कागदावर मांडल्या जात तशा, वहीत मांडाव्यात. विश्रांतीचा फायदा मग पळणाऱ्याला मिळतच नाही. तिसरे मत सोयीचे आहे, पण त्यात जे टिकवायचे तेच सोडून दिले जाते. सर्वांना एकत्र जमवून पुन्हा सोडणे म्हणजे चार खाड्यांनी वेगळ्या केलेल्या पाच शर्यती. पूल झाले की हा वाद मिटेल असे काहींना वाटते. तोवर हा निर्णय प्रत्येक गटाला घ्यावाच लागेल आणि तो निघण्यापूर्वी घ्यावा, जेटीवर भांडत नव्हे.

टप्पे पाडण्याविषयीही थोडे सांगायला हवे. समान किलोमीटरांचे टप्पे कागदावर न्याय्य दिसतात, पण या किनाऱ्यावर रस्ता प्रत्येक खाडीला समुद्रसपाटीपर्यंत उतरतो आणि पलीकडे जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढतो. सड्यावरचे आठ किलोमीटर आणि खाडीतून सड्यावर चढणारे आठ किलोमीटर यांना एकच आकडा लावणे चूक आहे. ‘टप्पा’ हा शब्द आपल्याकडे नुसता अंतराचा नसून थांब्याचाही आहे, आणि थांबा गावावरून, पाण्यावरून, सावलीवरून ठरतो. ‘टपाल’ या शब्दाचे मूळ टप्प्यात आहे की आणखी कुठे, यावर जुन्या कोशकारांतही एकमत नव्हते. अर्थाचे नाते मात्र स्पष्ट आहे.

शारीरिक अडचणींत दमटपणा सर्वांत आधी येतो. घाम वाळला तरच अंग थंड होते, आणि समुद्राकाठच्या हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीखेरीज दुसरा काळ धरू नये आणि दुपारचे टप्पे छोटे ठेवावेत. दुसरी अडचण बसण्याची आहे. एक पाळी संपल्यावर चार-पाच तास गाडीत आखडून बसल्याने मांड्या लाकडासारख्या होतात, आणि तिसऱ्या पाळीचे पहिले दोन किलोमीटर केवळ त्या सोडवण्यात जातात. तिसरी अडचण रात्रीच्या रस्त्याची : वळणावर चिरे भरलेले ट्रक, वाडीवाडीचे कुत्रे, आणि मासळीच्या गाड्यांतून गळलेल्या पाण्याने निसरडे झालेले डांबर, जे विजेरीच्या उजेडात नुसते ओले दिसते. परावर्तक पट्ट्यांचे जाकीट आणि मागे एक दुचाकी यांवाचून रात्रीचा टप्पा कोणालाही देऊ नये; ज्योत आणणारी पोरे हे आपोआप पाळतात, शहरातले गट पाळत नाहीत.

एवढे असूनही माणसे परत येतात, कारण या दौडीत हळू धावणाऱ्यालाही कोणीतरी खरोखर वाट पाहणारा असतो. साठीचे काका आणि कॉलेजातली पुतणी एका संघात असतात, आणि काकांचे सहा किलोमीटर वजा केले तर दौड पुरी होत नाही.

त्या दिवशी धोपाव्याला आमची बोट अखेर टेकली तेव्हा दाभोळहून आलेला गडी फाळक्यापाशीच उभा होता. बोटीत बाक रिकामे असूनही तो बसला नव्हता, आणि पट्टा त्याने गळ्यातून काढला नव्हता. फाळका खाली पडण्याच्या आत त्याने वेळ विचारली, वहीत ती लिहिली गेल्याचे पाहिले, आणि मग भिजलेला पट्टा पुढच्याच्या खांद्यावर टाकला.