मृगशृंगांची वाढ आणि प्रथिने

मृगशृंग : सांबर-चितळासारख्या हरणाच्या नराच्या डोक्यावर उगवणारे, गळून पुन्हा येणारे भरीव हाडाचे शिंग. मराठीत गाईचेही शिंगच आणि सांबराचेही शिंगच, त्यामुळे घोटाळा होतो. गाय किंवा काळवीट यांचे शिंग आतल्या हाडावर बसवलेल्या टोपणासारखे असते आणि जन्मभर टिकते. ठाण्याच्या येऊर भागात, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्व अंगाला, मृगशृंगे असलेली सांबर, चितळ आणि भेकर आढळतात. भेकराची शिंगे अगदी आखूड.

शिंग हाडाचे, म्हणून सगळी चर्चा कॅल्शियमची होते. प्रत्यक्षात आधी प्रथिनांचा सांगाडा उभा राहतो, क्षार त्यात मागाहून भरतात. कोवळ्या शिंगावर मखमली लव असलेली कातडी असते आणि तिच्यात रक्त खेळत असल्याने ते ऊबदार असते. या अवस्थेत त्याच्या कोरड्या वजनात सुमारे ८० टक्के प्रथिने असतात. पक्के झाल्यावर हे प्रमाण निम्म्याच्या खाली येते. क्षार कमी पडले तर नर ते स्वतःच्या बरगड्यांतून उसने घेतो. प्रथिनांचा असा साठा अंगात नसतो, ती चाऱ्यातूनच यावी लागतात. त्यातही पहिला वाटा शरीराचा, शिंगांना उरलेले मिळते. म्हणून वाढत्या वयाच्या नराची शिंगे उपासमारीत आधी खुजी राहतात.

अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या बाबतीत चाऱ्यात सुमारे १६ टक्के प्रथिने चांगली मानतात. वाळक्या गवतात ती ४-५ टक्क्यांवर घसरतात. साधारण ७ टक्क्यांखाली चारा पचवणाऱ्या पोटातल्या जिवाणूंचेच भागत नाही, मग पोट भरूनही जनावर खंगते.

मे महिन्यात येऊरच्या उतारांवर पिवळे गवत आणि कारवीच्या काड्या उरतात. सांबराची जुनी शिंगे बहुधा याच सुमारास गळतात, नवी पावसाळ्यात वाढतात, आणि जूनच्या सरींनंतरचा लुसलुशीत पाला नेमका तेव्हा मिळतो. चितळांचे वेळापत्रक इतके बांधीव नाही. एकाच कळपात पक्क्या शिंगांचा नर लवदार शिंगांच्या नराशेजारी चरताना दिसतो. हिरवे दिसले म्हणजे सकस, असेही नाही : पानांतले टॅनिन हे तुरट द्रव्य प्रथिने बांधून ठेवते.

गळलेल्या शिंगावर कधी कधी ओळीने चर दिसतात. ते साळिंदराच्या दातांचे. त्यालाही क्षार हवे असतात. माणसाने मात्र असे शिंग उचलून घरी नेऊ नये, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरतो.